बैलबाजार ते कोठा: कानातला बिल्ला, दाखला आणि सरकारी तपासणी

मे संपत आला की विदर्भातल्या बैलबाजारांत गर्दी वाढते. पेरणीच्या तोंडावर जोडी हवी असते, सौदा जमला की पिकअप ठरवून अंधाराआधी गाव गाठायचं असतं. या घाईत कागदांचं काम मागे पडतं. मग नाक्यावर गाडी थांबली की कास्तकार पावती दाखवतो. पावतीवर लिहिलेलं असतं, 'एक जोड, रंग पांढरा'. गाडीत बैल पांढरेच असतात, पण पावतीतले ते हेच, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येत नाही. जनावरांच्या व्यवहारातली बहुतेक अडचण इथे आहे. कागद असतो, जनावरही असतं, आणि दोघांना जोडणारी खूण नसते.

तपासणारा पोलिस असो, पशुधन विकास अधिकारी असो की तलाठी, त्याला तीनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. जनावर कुणाचं आहे, ते निरोगी आहे का, आणि ते कुठे, कशासाठी चाललंय. या तिन्हींसाठी कायदे वेगवेगळे आहेत, कागद वेगवेगळे आहेत, अधिकारीही वेगवेगळे. सगळ्यांना बांधणारा धागा मात्र एकच, तो म्हणजे कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक.

बिल्ला

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजार समितीत, आठवडी बाजारात किंवा गावात खरेदी-विक्री करायला मनाई आहे. सरकारी दवाखान्यातली सेवा आणि जनावरांची वाहतूकही बिल्ल्याशी जोडली आहे. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याचा हल्ला यात जनावर दगावलं तर नुकसानभरपाईसाठीही बिल्ला लागतो. ताडोबा, पेंच, मेळघाट, टिपेश्वर यांच्या आसपासच्या गावांना ही शेवटची अट सर्वांत महागात पडू शकते. बिल्ला मारायला सरकारी यंत्रणेत पैसे लागत नाहीत.

बिल्ला मारणं दोन सेकंदांचं काम आहे, पण जागा चुकली तर पुढे महिनाभर निस्तरावं लागतं. कान आतून पाहिला की कूर्चेचे दोन उभे कणे दिसतात. त्या दोन कण्यांच्या मधला सपाट भाग, कानाच्या साधारण मध्यावर, ही योग्य जागा. बिल्ला टोकाकडे गेला तर बोरी-बाभळीत, तारेत अडकून कान फाटतो. फार बुडाशी किंवा कण्यावर मारला तर शीर तुटून रक्त जातं आणि जखम चिघळते. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसते आणि दोन-तीन दिवसांत अळ्या पडतात. म्हणून पक्कड आणि तिची सुई आधी जंतुनाशकात बुडवून घ्यायला सांगा, बिल्ला बसल्यावर छिद्राला आयोडीन लावा आणि आठवडाभर रोज कान पाहा. कानाला वास येत असेल किंवा ढोर सारखं डोकं झटकत असेल तर लगेच दवाखाना गाठा.

बिल्ला कानात बसला म्हणजे नोंद झाली, असं मात्र नाही. तो क्रमांक 'भारत पशुधन' या संगणक प्रणालीत मालकाचं नाव, मोबाइल, गाव, जनावराची जात, वय, लिंग यांच्यासह चढवावा लागतो. लसीकरण, रेतन, उपचार, सगळं त्याच क्रमांकाखाली जमा होतं. नेहमी आढळणाऱ्या चुका दोन. एक म्हणजे घाईत भावाचा किंवा शेजाऱ्याचा मोबाइल नंबर दिला जातो आणि संदेश भलत्याच माणसाला जातात. दुसरी म्हणजे एखादा आकडा चुकतो आणि कागदावर तुमची गाय दुसऱ्याच कुणाच्या नावावर असते. पशुधन पर्यवेक्षक कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, उभे असतानाच त्यांना नोंद उघडायला सांगा, बिल्ला पाण्याने धुऊन आकडे मोठ्याने वाचा आणि ताडून घ्या. यात कुणाचा अपमान नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

बिल्ला पडला किंवा कान फाटून गेला तर नवा मिळतो. तो मारताना जुना क्रमांक सांगायचा, म्हणजे नवा क्रमांक जुन्याच नोंदीला जोडता येतो. जुना न सांगितल्यास जनावर नव्याने नोंदवलं जातं, आधीचं सगळं लसीकरण त्याच्या नावावरून जातं, आणि वाहतुकीच्या वेळी 'लस घेतलेली दिसत नाही' हे उत्तर मिळतं. म्हणून प्रत्येक ढोराचा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि मोबाइलमध्ये बिल्ल्याचा, तोंडाचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो ठेवा. शिंगांचा घाट आणि अंगावरचे पांढरे-काळे ठिपके फोटोत स्पष्ट आले पाहिजेत. जनावर हरवलं किंवा चोरीला गेलं तरी तक्रार देताना हेच फोटो कामी येतात.

बाजारात

खरेदी करताना दात, खांदा, चाल आपण पाहतोच. सोबत कानही पाहा. एकाच कानात दोन छिद्रं असतील, किंवा बिल्ला नवा कोरा आणि छिद्र जुनं भरलेलं असेल, तर विचारा. कारण साधं असू शकतं, पण उत्तर मिळायला हवं.

बाजाराच्या पावतीवर प्रत्येक जनावराचा बारा आकडी क्रमांक लिहून घ्या. जोडीचे दोन क्रमांक, एक नाही. सौदा बाजाराबाहेर, गावातच झाला असेल तर ग्रामपंचायतीचा विक्री दाखला लागतो आणि त्यावरही क्रमांक हवा. हेड्याकडून, म्हणजे जनावरांच्या दलालाकडून, घेताना एक गुंता होतो. हेड्याने सकाळी कास्तकाराकडून बैल घेतलेला असतो आणि दुपारी तुम्हाला विकलेला असतो. पावतीवर विकणारा म्हणून हेड्याचं नाव येतं, पण प्रणालीत बिल्ला अजून मूळ कास्तकाराच्याच नावावर असतो. नाक्यावर कुणी क्रमांक तपासला तर तिसऱ्याच माणसाचं नाव दिसतं. म्हणून हेड्याने मूळ मालकाकडून घेतल्याची पावतीही मागून घ्या, निदान तिचा फोटो तरी. घरी आल्यावर आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मालकाचं नाव बदलून घ्या. हे काम बरेच जण टाळतात. पुढे भरपाईच्या वेळी पंचनाम्यात एक नाव आणि नोंदीत दुसरं नाव निघतं, आणि प्रकरण तिथेच अडून बसतं.

गाडीत

बैल आणि गाईंच्या वाहतुकीकडे राज्यात विशेष बारकाईने पाहिलं जातं, त्यामागे महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम आहे. १९७६ च्या या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. मार्च २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. त्यामुळे शेतीसाठी बैल नेणाऱ्यालाही 'कुठे आणि कशासाठी' हे दाखवता आलं पाहिजे. खरेदीची पावती, आधार कार्ड आणि सोबत स्वतःचा सातबारा ठेवला तर उत्तर सोपं होतं. म्हशींना ही कत्तलबंदी नाही, पण वाहतुकीचे बाकी सगळे नियम त्यांनाही आहेत.

गाडीत कसं न्यायचं हे प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये लिहिलेलं आहे. पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच. पशुधन पर्यवेक्षकाची सही त्यावर चालत नाही. प्रमाणपत्राच्या नमुन्यातच एक वाक्य छापलेलं आहे, निघण्यापूर्वी बारा तासांच्या आत जनावर तपासलं, असं. इथे खूप जण फसतात. आदल्या दिवशी दुपारी प्रमाणपत्र घेतात, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा निघते, आणि कागद निरुपयोगी होतो. प्रमाणपत्रावर तारखेसोबत वेळही लिहिली आहे का, आणि निघायचं व पोचायचं ठिकाण, जनावरांची संख्या, वय, लिंग, ओळखीची खूण, लसीची तारीख हे रकाने भरलेत का, ते डॉक्टरांसमोरच वाचून घ्या. ओळखीच्या रकान्यात बिल्ल्याचे क्रमांकच हवेत.

एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं घालता येत नाहीत. हे मोठ्या ट्रकचं झालं, पिकअपमध्ये सहा बसवायची मुभा आहे असा याचा अर्थ नव्हे. २०१६ पासून लागू असलेल्या मोटार वाहन नियमांप्रमाणे एका गाई-म्हशीला किमान दोन चौरस मीटर जागा लागते. दोन चौरस मीटर म्हणजे साधारण साडेएकवीस चौरस फूट. पिकअपचा हौदा नऊ फूट बाय साडेपाच फुटांचा धरला तर जवळपास पन्नास चौरस फूट होतात. म्हणजे दोन जनावरं, एक जोडी. तिसरं घातलं की नियम मोडला. भाडं वाचवायला दोन कास्तकार मिळून एका पिकअपमध्ये दोन जोड्या नेतात, तेव्हा कागद सगळे बरोबर असूनही गाडी अडकते ती याच कारणाने.

हौद्यात पाय घसरू नये म्हणून काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या अंथरायच्या. नुसत्या पत्र्यावर शेण-मूत्र सांडलं की पहिल्याच ब्रेकला बैल बसतो, मग दुसरा त्याच्यावर पाय देतो, आणि खुरं-गुडघे फुटतात. जनावराचं तोंड इंजिनाकडे ठेवायचं. सोबत एक माणूस हवाच. त्याच गाडीत पोती, पाइप, दुसरा माल भरायचा नाही. चारा-पाणी देऊनच गाडी हलवायची. शेळ्या-मेंढ्यांसाठी साडेचार-पाच टनी ट्रकला चाळीसची मर्यादा आहे. गाभण बकऱ्या बोकडांत मिसळू नयेत, हे अनुभवी बकरीवाल्यांना सांगायला नको.

पायी नेणाऱ्यांसाठी २००१ चे वेगळे नियम आहेत. गावाच्या शिवेपासून पाच किलोमीटर किंवा त्याहून जास्त अंतर चालवायचं असेल तर ते लागू होतात. गाई-बैलांना दिवसाला जास्तीत जास्त तीस किलोमीटर, तेही आठ तासांत, दर दोन तासांनी पाणी आणि चार तासांनी चारा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी चालवायला बंदी. तापमान बारा ते तीस अंशांच्या मधलं हवं. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. अकोला, चंद्रपूरला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, सकाळी आठलाच तीस अंश ओलांडलेले असतात. म्हणजे ऐन खरेदीच्या हंगामात लांबवर पायी नेणं नियमात जवळपास बसतच नाही. जनावराच्या दृष्टीनेही ते योग्य आहे. उष्माघाताने तोंड उघडं टाकून धापा टाकणारा बैल वाटेत वाचवणं फार कठीण असतं.

गाडी पकडलीच तर काय होतं? प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. हे ऐकून कुणी निर्धास्त होऊ नये. जनावरं जप्त झाली की खटला चालू असेपर्यंत ती गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवली जातात, आणि वाहतूक, चारा, औषध यांचा खर्च मालकाकडून वसूल करण्याची तरतूद २०१७ च्या नियमांत आहे. गाडीही अडकते. पेरणी तोंडावर आलेली, बैल गोशाळेत आणि तारखांवर तारखा, अशी वेळ प्रामाणिक कास्तकारावरही येते. अशा वेळी मूळ पावती, प्रमाणपत्र, सातबारा आणि बिल्ल्यांचे फोटो घेऊन लवकरात लवकर वकिलामार्फत ताबा मागायचा अर्ज करावा. जितका उशीर होईल तितका खर्च चढत जातो.

आजार आला तर

२००९ चा एक केंद्रीय कायदा आहे, प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम. त्याच्या यादीत फाशी (अँथ्रॅक्स), घटसर्प, लाळ-खुरकूत, लम्पी, सांसर्गिक गर्भपात, शेळ्या-मेंढ्यांतला पीपीआर असे रोग आहेत. यातला रोग असल्याची शंका आली तरी कळवणं मालकावर बंधनकारक आहे. खात्री झाल्यावर सांगू, असं चालत नाही. ग्रामपंचायतीला किंवा गावातल्या सरकारी कर्मचाऱ्याला सांगा, त्यांनी पुढे दवाखान्याला कळवायचं असतं. थेट दवाखान्यात किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन केला तर वेळ वाचतो. आजारी ढोर त्याच दिवशी वेगळं बांधायचं, त्याचं पाणी-वैरण वेगळं करायचं, आणि कळपासोबत आखरावर, म्हणजे गावची ढोरं जमतात तिथे, सोडायचं नाही. त्या कोठ्यात काम करणाऱ्याने आधी निरोगी ढोरांचं करून मग आजाऱ्याकडे जावं, उलट नको.

रोग पसरतोय असं दिसलं तर शासन तो भाग 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं. मग बाजार, जत्रा, शर्यती बंद होतात, जनावरं आत-बाहेर नेता येत नाहीत, लसीकरण सक्तीचं होतं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा पूर्ण राज्याला हे लागू झालं आणि बैलबाजार ओस पडले. नंतर वाहतूक हळूहळू सुरू केली तेव्हा लस घेऊन अट्ठावीस दिवस झालेल्या जनावरांनाच परवानगी होती, कारण लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. लस टोचली आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात नेलं, तर ढोराला संरक्षण नाही आणि रोग मात्र सोबत फिरतो.

पशुवैद्यकाला या कायद्याने कोठ्यात, वावरात येऊन पाहण्याचा आणि नमुने घेण्याचा अधिकार आहे. त्यांना अडवणं हाही गुन्हा आहे. त्यांनी रक्त किंवा खपली घेतली तर नमुन्यावर बिल्ल्याचा क्रमांक टाकला का, एवढं नक्की पाहा. क्रमांक नसलेल्या नमुन्याचा अहवाल तुमच्या ढोराचा आहे हे पुढे सिद्ध होत नाही.

नियमित लसींचंही लक्षात ठेवा. लाळ-खुरकुताची लस सहा-सहा महिन्यांनी, चार महिन्यांवरच्या सगळ्या जनावरांना. सांसर्गिक गर्भपाताची आयुष्यात एकदाच, तीही चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच. ते वय निघून गेलं की ही संधी परत येत नाही, आणि मोठ्या गाईला ती टोचून घेऊ नये. हा रोग माणसालाही होतो, गाभडलेल्या गाईचा जार हाताने ओढणाऱ्याला तर सहज.

कोंबड्यांचं थोडक्यात. शेडमध्ये अचानक मरतूक वाढली तर मेलेले पक्षी विकू नका, फेकू नका, कळवा. बर्ड फ्लूचा नमुना भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातो. तो आढळला की एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवतात. मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या सरकारी कुक्कुट केंद्रातही हे करावं लागलं होतं. भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधी मेलेल्यांची मिळत नाही. म्हणून चार दिवस लपवून ठेवलं तर नुकसान मालकाचंच.

जनावर दगावल्यावर

सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतल्या चुकांमुळे.

वाघाने किंवा बिबट्याने ढोर मारलं तर वन विभागाकडून बाजारभावाच्या पंचाहत्तर टक्के किंवा सत्तर हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम गाय, म्हैस, बैलासाठी मिळते. शेळी-मेंढीला ही मर्यादा पंधरा हजार आहे. घटना कळताच, जास्तीत जास्त अट्ठेचाळीस तासांत वनरक्षक किंवा वन कार्यालयाला कळवायचं. पंचनामा होईपर्यंत मेलेलं ढोर जागचं हलवायचं नाही. गळ्यावरचे सुळ्यांचे व्रण, ओढत नेल्याच्या खुणा, पावलांचे ठसे हाच पुरावा असतो. गावकरी बघायला जमले की ठसे तुडवले जातात, म्हणून चार काट्या रोवून दोर बांधा. आणि संतापाच्या भरात मढ्यावर औषध टाकण्याचा विचारही कुणी करू नये. त्याने वाघ मरतो, सोबत गावातली कुत्री मरतात, आणि भरपाईऐवजी वन्यजीव कायद्याखाली तुरुंग मिळतो.

वीज पडून किंवा पुरात ढोर गेलं तर काम तलाठ्याकडे. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये धरले आहेत. इथेही पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. पंचनाम्यावर बिल्ल्याचा क्रमांक लिहून घ्या आणि कान बिल्ल्यासकट दिसेल असा फोटो काढा. बिल्ला आधीच काढून घरी आणून ठेवू नका. तो कानात असतानाच पुरावा असतो.

शवविच्छेदनाला एक अपवाद आहे आणि तो जिवावरचा आहे. ढोर एकाएकी मेलं असेल, नाकातून, गुदद्वारातून काळसर न गोठणारं रक्त येत असेल, पोट झपाट्याने फुगत असेल, तर फाशीची शंका घ्या. असं ढोर कुणीही फाडू नये, कातडं काढू नये. रक्तातल्या जंतूंना हवा लागली की त्यांचे बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. माणसालाही हा रोग होतो. पशुवैद्यक येऊन थोडंसं रक्त काचपट्टीवर घेतात, तेवढ्यावर निदान होतं.

मेलेलं ढोर नाल्यात किंवा नदीत टाकणं हा २००९ च्या कायद्यात वेगळा गुन्हा आहे. विहीर, नाला, ओढा यांपासून दूर, पाणी साचत नाही अशा जागी सहा ते आठ फूट खोल खड्डा घ्या, खाली चुना, ढोर, वर पुन्हा चुना, मग माती दाबून वर काटेरी फांद्या. खड्डा उथळ राहिला तर रात्रीतून कुत्री आणि रानडुकरं उकरतात.

पुरून झाल्यावर आणखी एक काम उरतं. दवाखान्यात जाऊन त्या क्रमांकासमोर 'मृत' अशी नोंद करून घ्या. विकलेल्या ढोराच्या बाबतीत मालक बदलून घ्या. हे न केल्यास तुमच्याकडे नसलेली ढोरं तुमच्या नावावर दिसत राहतात, त्यांच्या लसी थकल्याचे संदेश येत राहतात, आणि विकलेलं जनावर पुढे कुठल्या बेकायदा गाडीत सापडलं तर पहिला फोन तुम्हालाच येतो.